खिळे आपोआप निघत नाहीत

परभणी,
१८ एप्रिल २०२५

थडी वाणेगावच्या माणसांनो, ज्यांचं घर अल्याड आणि वावर पल्याड आहे अशा सगळ्यांनो,

चि. दीपिकाला आत्याचे आशीर्वाद, ग्यानबादादाला आणि वहिनीला नमस्कार. दादाच्या गुडघ्याला तेल लावायला सांग. पत्र तुझ्या नावाचं असलं तरी ते मारुतीच्या पारावर सगळ्यांना वाचून दाखव, म्हणून सुरुवात अशी केली.

गाऱ्हाणं तुमचं-माझं एकच आहे. बंधारा व्हायच्या आधी शिमगा झाला की गोदागंगेतून घोट्याएवढ्या पाण्यातून बैलगाड्या जायच्या. बंधारा झाला, पाणी बारमाही तुंबलं, आणि आपली निम्मी शिवारं डोळ्यांना दिसतात तेवढीच आपली राहिली. पुलाचा नारळ तीनदा फुटला. तिन्ही वेळा खोबरं वाटलं गेलं आणि माणसं टाळ्या वाजवून घरी आली. अजून पोरीबाळी गुळाच्या कढईत बसून पल्याड जातात. हे मी गेली बारा वर्षं प्रत्येक व्यासपीठावरून ओरडून सांगतेय. म्हणून तुम्ही पुन्हा लाकडी नाव बांधायला घेतलीत हे कळल्यावर मला आनंद झाला. आनंदापेक्षा काळजी जास्त झाली. आणि खरं लिहायचं तर शंका त्याहून जास्त आल्या.

तू म्हणतेस फोनवर बोलू. फोनवर मी बोलणार नाही. माझं अर्धं वाक्य कापून कोण कुठं चिकटवेल सांगता येत नाही, एकदा भोगून झालंय. हे पाकीट बायनाबाईच्या हाती देतेय. ती दवाखान्यात दाखवायला आली होती. बाई चांगली आहे, पण चौकस आहे. पाकिटाच्या जोडावर मी सही केलीय. सही तुटलेली दिसली तर मला कळव.

आता मुद्द्याचं. आमची पहिली नाव आम्ही समाजमंदिरात बांधली होती, सावली होती म्हणून. सतरा फूट लांब, साडेचार फूट रुंद. पूर्ण झाली तेव्हा सटवाजीनं विचारलं, "आता हिला दारातून काडायची कशी?" दार साडेतीन फुटांचं! चौकट फोडावी लागली, ग्रामसेवक वर्षभर बोंबलत होता. तेव्हा नाव उघड्यावर बांधा, वर कडब्याचं छप्पर करा, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी चौदा फुटांच्या पुढं जाऊ नका. पहिल्यांदा बांधणाऱ्याला नेहमी मोठी नाव हवी असते. मोठ्या नावेत मोठी चूक मावते.

तळ सपाट ठेवा. तळाच्या फळ्यांना कडुनिंब चालेल, आतल्या आडव्या फासळ्यांना बाभूळ. फळी विकत घेताना गाठी बघा. नखानं गाठ हलली तर ती फळी परत करा, दुकानदार कितीही मामा-मावशी म्हणू दे. खिळे जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्या. दोन्ही टोकांना तेलाचे रिकामे बंद डबे पक्के बांधा. बाहेरच्या अंगाला वरच्या कडेपासून वीतभर खाली लाल पट्टा ओढा, तो पाण्यात बुडाला की पुढचा माणूस काठावर राहील, मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाची सासू. नावेत उभं राहायचं नाही.

आणि हाताला दावं गुंडाळून कोणीही बसायचं नाही. शेरडी न्यायची असली तर दावं नावेला बांधा, मनगटाला नाही. कारण विचारू नका.

योगीराज सागवानाच्या फळ्या फुकट देतो म्हणालीस. का देतो? ज्या माणसाचा थर्माकोलचा तराफा दहा रुपये डोई चालायचा, त्याला तुमची नाव व्हावी असं आजच का वाटायला लागलं? फळ्या घेऊ नका. घ्यायच्याच असतील तर एकेक फळी पाण्यात घालून, उन्हात धरून, ठोकून बघा. फुकटच्या वस्तूला मी नेहमी उलटी करून बघते.

शेवटी, पत्राच्या तळाशी सहज लिहिल्यासारखं तू लिहिलंस की बन्सीधर मिस्त्री दोनदा येऊन नाव बघून गेला. पोरी, तू तेव्हा शाळेत होतीस. तो सेलूहून परत आला हेही मला कुणी कळवलं नाही. का कळवलं नाही? त्याला फळीला हात लावू देऊ नका. फटी कापसानं गच्च भरा. बाकी तुम्ही शहाणे आहात.

तुमची,
दैवशालाताई

•

परभणी,
२९ एप्रिल २०२५

चि. दीपिकास,
आशीर्वाद. हे पत्र पारावर वाचायचं नाही. तुझं पत्र पोचलं. सही शाबूत होती म्हणतेस, ठीक.

तू लिहिलेला प्रसंग मी चार वेळा वाचला. बन्सीधर आला, फटीत बोट घालून म्हणाला, "पोरींनो, लय ठासायलात. लाकूड हाय ते. पाणी पिलं की फुगतंय. त्याला फुगायला जागा ठिवा." आणि बबलू हातोडा घेऊन उठला. "जागा? माझ्या मायला बुडवायला बी जागाच ठिवली हुती काय? म्हाताऱ्या, फळीला हात लावलास तर हात मोडून ठिवीन." आणि म्हातारा चष्मा पुसत निघून गेला.

बबलूला दोष देऊ नकोस. कासाबाई त्याची आई होती. आमची नाव फुटली तेव्हा तो पंधरा वर्षांचा, काठावर उभा होता. अकरा माणसं नावेत होती, दहा बाहेर आली.

तू मला एवढंच विचारलंस: "आत्या, मिस्त्रीकाका खरं बोलतात का? नाव त्यांच्या म्हणण्याप्रमाणं करू की तुझ्या?" येत्या अकरा तारखेला नाव पाण्यात घालायची, पहिल्या फेरीत तू आणि बबलूच बसणार, असंही लिहिलंस. हा प्रश्न तुला कुणी शिकवला? तू एवढी सरळ कधी लिहीत नाहीस. बन्सीधर घरी आला होता का? दादाशी बोलला का? त्यानं माझ्याबद्दल काही सांगितलं का? सांगितलं असेल तर शब्दशः लिही. त्याच्या-माझ्यात नाव सुटायच्या आधी काय बोलणं झालं, याबद्दल तो काही म्हणाला का?

माझं म्हणणं तुला तोंडपाठ आहे, सगळ्या गावाला आहे. फुटलेल्या नावेच्या तळाचे खिळे बाहेर आलेले होते. सात खिळे. ठोकलेले खिळे. मी त्यातला एक हातात धरून सभेच्या मंडपात विचारलं होतं, "खिळे आपोआप निघतात का?" हजार माणूस ओरडलं होतं, "नाही!" योगीराजचा तराफा बंद पडणार होता आणि आमची नाव बांधणारा बन्सीधर दोन दिवस आधी योगीराजच्या ओट्यावर चहा पिताना दिसला होता. पोलिसांनी त्याला सोडलं, कारण पोलिसांना काही सापडत नसतं. गावानं सोडलं नाही. त्याच्याकडं दुरुस्तीला कुणी तिफण नेली नाही, वखर नेला नाही. तो लेकीकडं सेलूला गेला. जिनिंगच्या एका कारखान्यात पेट्या ठोकत होता म्हणे.

तो चहा कसला होता असं तू विचारशील. नंतर कुणीतरी सांगितलं की तो योगीराजच्या घराचं दार बसवत होता. असेल. दार बसवताना माणूस काही बोलत नाही असं थोडंच आहे?

मी अजून तेच म्हणते. पण मी कुणाच्या शब्दावर जाणारी बाई नाही. माझ्या स्वतःच्याही नाही. म्हणून आज एक उद्योग केला. घरात आईचे दोन जुने जेवणाचे पाट होते, वापरात नव्हते. दोन्ही मधोमध चिरून घेतले. चिरलेल्या तुकड्यांमध्ये सुतळीएवढी फट ठेवली आणि खालून नव्या पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकले, अगदी नावेच्या तळासारखे. एकाच्या फटीत बत्त्यानं ठोकून ठोकून कापूस भरला, जागाच ठेवली नाही. दुसऱ्यात कापसाची सैल वात बसवली, वर नखभर मोकळं सोडलं. दोन्ही पाट टबात बुडवून ठेवलेत, वर दगड. शेजारची प्रियांका विचारत होती, "मॅडम, पाट कशापायी भिजवायलात? कुनाला जेवायला बोलावलंय का?" मी म्हटलं, एका माणसाला बोलवायचं की नाही ते ठरवतेय.

तोवर काम थांबव. बबलूला सांगू नकोस का थांबवलं. काहीही सांग.

आत्या

•

परभणी,
६ मे २०२५

थडी वाणेगावच्या माणसांनो,

मागच्या पत्रात पारावर वाचू नकोस म्हटलं होतं. हे वाचायचं आहे. सगळं. एकही ओळ न गाळता. दीपिका, तुला माझी काळजी वाटेल आणि तू मधली पानं वगळशील असा मला संशय आहे, म्हणून प्रत्येक पानावर आकडा घातलाय. पानं सहा आहेत.

सात दिवसांनी पाट काढले. सैल वातीच्या पाटाची फट मिटून गेली होती, वरून तांब्याभर पाणी ओतलं, खाली थेंब आला नाही. ठासलेल्या पाटाचा एक तुकडा पट्टीवरून उचलला गेला होता. एका खिळ्याचं डोकं वर आलं होतं. त्याच्याखाली माझं नख सहज गेलं. पट्टीला चीर गेली होती. माझ्या न्हाणीघरात योगीराज आला नव्हता. बन्सीधर आला नव्हता. दाराला आतून कडी होती.

खिळे आपोआप निघतात.

आता ते बोलणं सांगते, जे त्यानं अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही. तो सांगत का नाही याचा मी एवढी वर्षं संशय घेतला. त्यात काही डाव असेल, वेळ आल्यावर काढेल, असं धरून बसले. त्याला एवढंच माहीत असावं की सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही, कारण बोलण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

बन्सीधरनं नाव बांधली ती वैशाखात. लाकूड पापडासारखं वाळलेलं. त्यानं फटींत सैल वाती बसवल्या, वर डांबर दिलं आणि नाव उथळ पाण्यात दगड भरून बुडवली. म्हणाला, "तीन दिस हिला पाणी पिऊ द्या ताई. आत पाणी येईल, येऊ द्या. मंग आपसुक आवळंल." मी संध्याकाळी बघायला गेले तर नावेत मांडीएवढं पाणी. माझ्या मनात काय आलं? हा माणूस भोकं ठेवून नाव बांधतो. कुणाच्या सांगण्यावरून? रविवारी उद्घाटन ठरलेलं, वर्तमानपत्राचा माणूस येणार, माझं भाषण तयार. मी नाव त्याच दिवशी बाहेर ओढायला लावली. दोन दिवस उन्हात वाळवली. आणि सगळ्या बायांना हाक दिली, घरचा कापूस आणा.

आणला की बायांनी. ओट्या भरभरून आणला. आपण कापसाची माणसं आहोत. भोक दिसलं की बोळा, चीर दिसली की बोळा. गादी उसवो, भिंतीत उंदीर होवो, आपल्या हाताला दुसरं सुचत नाही. थाप्या आणि बत्ते घेऊन बाया गाणी म्हणत कापूस ठासत होत्या, आणि सगळ्यांत जोरात बत्ता माझा होता. कासाबाई माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "ताई, आता मुंगी बी शिरायची न्हाई." मी म्हटलं, मुंगीच काय, कुणाचं कारस्थानही शिरणार नाही. बाया हसल्या.

बन्सीधर आला तेव्हा जेवणाची वेळ होती, मी एकटीच होते. तो नावेभोवती फिरला. फटींवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "ताई, गाडीचं चाक ढिलं झालं की तुमचा बाप नदीत टाकायचा का न्हाई? कशापायी टाकायचा?" मला माहीत होतं कशापायी. लहानपणी बाबा उन्हाळ्यात चाकं गंगेत टाकायचे, मी आणि दादा त्यांच्यावर बसून पाय हलवायचो. लाकूड फुगून चाकाभोवतीची लोखंडी धाव आवळायची. "तसंच हाय हे," तो म्हणाला. "चाकाला धाव हाय, ती दाबून धरती. हिला काय हाय? चार खिळे. आधीच जागा भरली तर लाकूड खिळ्याला धक्का देणार. काढा हे. दोन दिस थांबा. नायतर फुटंल."

मी त्याला उत्तर काय दिलं, ते शब्द मला तोंडपाठ आहेत. मी विचारलं, "योगीराजनं किती दिले?"

त्यानं खिशातली पेन्सिल काढून कानावर ठेवली, परत खिशात ठेवली. "मंग तुमचं तुमी बघा," म्हणाला आणि गेला.

रविवारी नाव चालली. माझं भाषण झालं. नाव तशीच पाण्यात बांधून ठेवली. सोमवारी सकाळी तीन फेऱ्या नीट झाल्या. पाणी रात्रभर लाकडात मुरत होतं आणि आम्हाला ते कळत नव्हतं. चौथ्या फेरीला मधोमध तळाची फळी उचलली. कासाबाईनं शेरडीचं दावं मनगटाला तीन वेढे घेतलं होतं. बाकीच्यांना डबे सापडले, दोर सापडला. तिला शेरडीनं ओढलं.

बबलू, तुझ्या आईला बुडवणाऱ्याला तू अकरा वर्षं शोधतोयस. बन्सीधरनं नावेत भोक ठेवलं नव्हतं. जागा ठेवली होती. ती मी भरली. त्यानं सांगितल्यावरही भरलेलीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला बाहेर काढलं तेव्हा माझ्या मनात त्याचे शब्द वाजले होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागले. मंडपात खिळा हातात घेतला तेव्हा तो माझ्याच बोटांत होता, मी तो नीट बघितला होता. पकडीनं किंवा पहारेनं उपटलेला खिळा वाकतो, डोक्यावर ओरखडे येतात. हा सरळ होता. डोकं गुळगुळीत होतं. हजार माणसांना तो लांबून दिसला, मला जवळून दिसला होता.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, कपाटं भरून पुस्तकं, हिला लाकूड फुगतं हे समजत नव्हतं? समजत होतं. आपल्याला कायम कुणीतरी फसवलं आहे. पुलाच्या नावानं फसवलं, बंधाऱ्याच्या मोबदल्यात फसवलं. फसवणूक ओळखायची सवय इतकी लागली की जो माणूस सरळ सांगतो त्याचीच आधी झडती घेतो. संशय ही माझी ताकद होती, त्याच्यावर मी मोर्चे उभे केले. त्याच संशयानं एका सुताराचं आयुष्य उठवलं. योगीराजचा संशय तुम्ही खुशाल घ्या, त्याच्या फळ्या ठोकून बघा. पण यापुढं माझ्या बोलण्यालाही नख लावून बघत जा.

नावेसाठी आता शेवटचं सांगते. भरलेला सगळा कापूस उकरून काढा, बोथट सुरीनं, फळीची धार दुखवू नका. सैल वात बसवा, नखभर जागा सोडा. नाव उथळ पाण्यात बुडवा, तीन दिवस. आत पाणी दिसलं तर घाबरून बाहेर काढू नका, ती पाणी पितेय. अकरा तारीख टळली तर टळू द्या. ज्याला फोटो काढायचा आहे तो थांबेल. आणि हे सगळं मी सांगते म्हणून करू नका, बन्सीधर मिस्त्रीला विचारून करा. मला पाटापलीकडचं काही येत नाही.

तो येईल की नाही, मला माहीत नाही. मी त्याच्या जागी असते तर आले नसते. पण तो दोनदा आपण होऊन आला होता, शिव्या खायला. तिसऱ्यांदा तुम्ही जा.

पाकिटात कागदात गुंडाळलेला एक खिळा आहे. तोच तो. अकरा वर्षं टेबलाच्या खणात होता. खण उघडला की खडखडायचा, म्हणून मी तो खण उघडत नसे. मी स्वतः का आले नाही, असं विचाराल. मी आले तर बोलायला लागेन, आणि मी बोलायला लागले की माणसं टाळ्या वाजवतात. या गोष्टीला टाळी नको. नाव पाण्यातून वर काढाल त्या सकाळी मी काठावर असेन, मागं उभी, गप्प.

तोवर एकच काम करा. बबलू, हे काम तुझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. उद्या सकाळी बन्सीधर मिस्त्रीच्या दारात जा, हातोडा घरी ठेवून जा. त्याला मारुतीच्या पारावर घेऊन ये, सगळ्या गावासमोर बसव, हा खिळा त्याच्या हातात दे आणि हे पत्र तुझ्या तोंडानं पुन्हा पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच.

ज्या तोंडानं त्याला बुडवलं, त्याच तोंडानं कबूल करणारी,
दैवशाला